मोफत, पण कोणत्या अर्थाने?

• फ्रीवेअर : वापर फुकट, मूळ कोड मात्र कंपनीकडेच.

• मुक्त सॉफ्टवेअर : कोड सर्वांना खुला. बदलण्याची, वाटण्याची मुभा. खालील तिन्ही सॉफ्टवेअर (लिबरऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप) बहुतांशी याच प्रकारातली.

• लिबरऑफिस : २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळे झाले. पत्रे, हिशेब, सादरीकरण यांसाठी. मेनू मराठीतही. एरवी मजकूर ओडीटी स्वरूपात साठतो. वर्ड वापरणाऱ्याला पाठवायचा असेल, तर ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन डॉक्सएक्स निवडावे.

• व्हीएलसी : फ्रान्समधील विद्यार्थ्यांचा प्रकल्प, २००१ पासून मुक्त. बहुतेक सर्व व्हिडिओ चालतात.

• सेव्हन-झिप : १९९९ मध्ये आले. झिप, रार फाइल उघडता येतात.

• मराठी टायपिंग : यासाठी वेगळे सॉफ्टवेअर नको; विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक असतोच. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

कोणतेही सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या.