पाण्यावरची एस.टी.

आम्हा कोल्हापूरकरांना होडी आठवते ती पुरात. घारापुरीकरांची मात्र ती रोजची एस.टी. गेटवेहून लाँच तासाभरात बेटावर पोचते. आपण लेणी पाहून परततो. बेटकरांचं कॉलेज, मोठा दवाखाना सारं पाण्यापलीकडे. वीजसुद्धा 2018 साली समुद्राखालच्या केबलमधून आली.

18 डिसेंबर 2024 रोजी याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली. दोन्हींवरचे मिळून 15 जण दगावले. त्यानंतर मी गेलो, तेव्हा लाइफ जॅकेट मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारची बेटावरची बाई म्हणाली, "भाऊ, मांडीवर कशाला? अंगात घाला." मुकाट्यानं घातलं, पट्टे आवळले. समुद्र अगदी शांत होता. त्या दिवशीही तो शांतच होता.