देहासकट आशा

दिवाळीच्या आगेमागे, २ नोव्हेंबरला, कॅथलिक ख्रिस्ती समाजाचा मृतांचा स्मरणदिन येतो. थडगी धुतली जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात, धर्मगुरू दफनभूमीत प्रार्थना करतात. बाहेरून पाहणाऱ्या हिंदू शेजाऱ्याला हा सर्वपित्री अमावास्येचाच ख्रिस्ती अवतार वाटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. कारण कित्येक ख्रिस्ती घरांतही मृत्यूनंतरची कल्पना तशीच सांगितली जाते: देह मातीला मिळाला, आत्मा देवाघरी गेला, आता तिथेच कायमचा विसावा. सांत्वन म्हणून हे पुरेसे असेल, पण ख्रिस्ती श्रद्धेचे मूळ म्हणणे यापेक्षा धाडसी आहे. देवाघरी गेलेला आत्मा हा त्या श्रद्धेत प्रवासाचा मधला टप्पा आहे. शेवट आहे तो मेलेल्या माणसाने देहासकट उठण्याचा, आणि ज्या सृष्टीत तो जगला त्या सृष्टीच्या नवीकरणाचा. ही आशा आत्म्यापुरती आखडली, की तिचे नैतिक बळ जाते, असे मला वाटते, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ती तशी आखडणे विशेष महागात पडते.

ही तीन शहरे मुख्यतः बाहेरून आलेल्यांची. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आणून ठेवली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि इतर कारखान्यांनी माणसे खेचली, बदलापूरला मुंबईत न परवडणाऱ्या घरांनी. इथला ख्रिस्ती समाजही असाच अनेक ठिकाणांहून आलेला: मल्याळी, गोवेकर, मंगळुरी, तमिळ, नगर-मराठवाड्याकडचे मराठी, आणि अलीकडे सिंधी प्रार्थनासभांतून जमणारे. पूर्वजांची थडगी दुसऱ्याच गावी असलेल्या अशा समाजात मेलेल्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न फक्त धर्मशास्त्राचा राहत नाही.

आधी मूळ पाहू. देहाने उठण्याची आशा ख्रिस्ताच्या आधीची, यहुदी आहे, आणि ती छळातून स्पष्ट झाली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अंतियोखस एपिफनेस या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. त्या काळाशी जोडलेल्या दानीएलच्या ग्रंथात धुळीत निजलेले जागे होतील अशी कल्पना येते, तर मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सात भावांच्या छळाची कथा आहे. त्यांचे अवयव तोडले जातात आणि तेच अवयव देव परत देईल, असे ते मरताना सांगतात. छळ देहाचा झाला, तर न्यायही त्याच देहाला मिळाला पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. येशूच्या काळी सदूकी पंथाला तो मान्य नव्हता, परूशी पंथाला होता. हा विचार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांपुरताच आहे असेही नाही. ठाण्याच्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्रायली जी नित्य प्रार्थना म्हणत आले, तिच्यात मृतांना उठवणाऱ्या देवाची स्तुती आहे.

या यहुदी आशेत पहिल्या ख्रिस्ती पिढीने एकच, पण मोठी भर घातली: शेवटच्या दिवशी सर्वांचे जे व्हायचे, ते एका माणसाचे आधीच झाले आहे. प्रेषित पौलाचे थेस्सलनीकाकरांना लिहिलेले पहिले पत्र साधारण इसवी सन ५० चे. तिथल्या विश्वासणाऱ्यांना चिंता होती की आपले जे मेले, ते प्रभूच्या आगमनाला मुकतील. आत्मा आधीच सर्वसुखी झाला एवढेच शिकवले असते, तर ही चिंता पडलीच नसती. चारेक वर्षांनी करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय तर सगळाच या विषयावर आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपली श्रद्धा फोल, असे पौल तिथे स्वतःहून मांडतो. प्रेषितांच्या कृत्यांत अथेन्सचा प्रसंग येतो. पौल बोलत असतो तोवर लोक ऐकून घेतात, आणि मृतांच्या उठण्याचा उल्लेख येताच काही जण थट्टा करतात. आत्मा अमर आहे, हे प्लेटोच्या गावात कोणाला नवे नव्हते, त्यावर कोणी हसले नसते. ते हसले, यावरूनच पौल काही वेगळे सांगत होता हे कळते. ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने १९५५ मध्ये हार्वर्डमधल्या व्याख्यानात हा फरक इतका ठळक मांडला की पाश्चात्य ख्रिस्ती वाचकही दुखावले. आत्म्याचे अमरत्व हाच आपला धर्म, असे त्यांनीही धरून ठेवले होते. कुलमान यांनी ग्रीक आणि यहुदी विचारांतली दरी जरा जास्तच रुंद दाखवली हा आक्षेप रास्त आहे, पण मुख्य मुद्दा त्याने ढळत नाही.

ही शिकवण आपल्या किनाऱ्यावर इंग्रजांबरोबर आली, असे समजणे चूक ठरेल. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरी इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. ते ठिकाण म्हणजे उल्हासनगरला लागूनचे आपले कल्याण, असे बरेच अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. कल्याण असेल, तर अंबरनाथच्या शिवमंदिराच्या शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाच्याही पाच शतके आधी या खाडीकाठी देहाच्या उठण्याची कबुली दिली जात होती. १९८८ मध्ये सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांसाठी कल्याण धर्मप्रांत झाला, तेव्हा पूर्वेकडचीच एक ख्रिस्ती परंपरा पुन्हा या नावाशी जोडली गेली.

मराठीत ही आशा पहिल्यांदा विस्ताराने मांडली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर इथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि वळण ज्ञानेश्वर-एकनाथांच्या मराठीचे. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला अवतार ही कल्पना नवी नव्हती. पण अवतार कार्य संपले की देह ठेवतो, कृष्णानेही प्रभासक्षेत्री तो ठेवला. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातला नायक क्रुसावर मरतो, पुरला जातो आणि तोच देह घेऊन उठतो. मानवी देह त्याने कामापुरता धारण केला नव्हता, तो कायमचा आपला केला. अवतारकथा आणि ही कथा एकाच साच्यात बसवू पाहणाऱ्याने इथे थांबून पाहायला हवे.

तरीही मराठी मनाला देहाची आशा सर्वस्वी परकी आहे, असे म्हणता येणार नाही. वारकरी परंपरेने तुकोबांना सदेह वैकुंठाला पाठवले आणि फाल्गुन वद्य द्वितीयेला बीज साजरी करून ती आठवण जपली. ज्याने आयुष्यभर विठ्ठलाचे नाम घेतले तो देह मागे टाकण्याजोगा नाही, ही त्यामागची जाण मला फार मोलाची वाटते. फरक आहे तो दोन ठिकाणी. तुकोबांचे जाणे हा एका संताचा अपवाद मानला जातो, तर ख्रिस्ती आशा प्रत्येक मेलेल्यासाठी आहे, नावही मागे न उरलेल्या मजुरासाठीसुद्धा. आणि तुकोबा पृथ्वी सोडून जातात, तर ख्रिस्ती ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत माणसे वर जात नाहीत, देवाचे नगर खाली येते. नारायण वामन टिळकांनी तुकोबांना ख्रिस्ताकडे नेणारा सेतू मानले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची चाल दिली. ९ मे १९१९ रोजी ते वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दफन न करता दहन झाले. देहाच्या उठण्यावर विश्वास ठेवणाऱ्याने चिता मागावी, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असणार.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. जो जळला, ज्याची राख वाहून गेली, तो उठणार कसा? हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सन १७७ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ इथे ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत लोटली गेली. हेतू हाच की त्यांच्या उठण्याची आशाच मोडावी. एवढ्याने आशा मोडली नाही. मिनुकियस फेलिक्स या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या संवादग्रंथातले उत्तर सरळ आहे: अंत्यविधी कसाही झाला तरी आमचे काही जात नाही, आम्ही पुरतो ते केवळ जुनी आणि चांगली रीत म्हणून. रोमने १८८६ मध्ये दहनाला मनाई केली, कारण युरोपात तेव्हा धर्मविरोधी मंडळी दहनाचा पुरस्कार करीत होती. १९६३ मध्ये ती मनाई उठली. २०१६ च्या निर्देशात दहनाला परवानगी कायम ठेवून दफनाला प्राधान्य दिले आहे, आणि राख विखुरू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी जपावी असे सांगितले आहे. दफनभूमीला जागा मिळणे जिथे दरवर्षी अवघड होते, त्या मुंबई परिसरात ही परवानगी अनेक घरांची अडचण सोडवते. राखेलाही जागा द्यायची यामागचे कारण मला पटते. ज्याचा देह होता तो माणूस देवाच्या स्मरणात आहे, तेव्हा त्याची खूण आपणही पुसू नये. कणांचा हिशेब जुळण्याचा प्रश्न उरतो, पण जिवंतपणीही आपल्या देहातले कण बदलत राहतात आणि आपण तेच राहतो. पौलाने बीज आणि रोप यांचा दृष्टान्त दिला तो यासाठीच. बदलापूरच्या शिवारात आषाढात लावलेल्या भाताकडे पाहून बी कुठे गेले असे कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. एकाच जन्मात सगळा निकाल लावण्यापेक्षा पुन्हा पुन्हा संधी देणारा पुनर्जन्म अधिक न्याय्य नाही का? या विचारात करुणा आहे हे मान्य करून मी एवढेच म्हणेन की दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. पुनर्जन्म सांगतो की कर्म वाया जात नाही. मक्काबी भावांना मात्र हवे होते की ज्याचा हात तोडला गेला त्यालाच, त्याच्याच नावानिशी, हात परत मिळावा. पुढच्या जन्मातल्या वेगळ्या माणसाला मिळालेले सुख या माणसाच्या अश्रूंची भरपाई ठरते का? योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू थोमा या शिष्याला हातांच्या आणि कुशीच्या जखमा दाखवतो. महिमा पावलेल्या देहावरही त्या आहेत. झालेले दुःख तिथे पुसले जात नाही, पण त्याची सत्ता संपते.

इतिहासाचा आक्षेप सर्वांत कठीण. येशूच्या रिकाम्या थडग्याच्या चारही शुभवर्तमानांतल्या वृत्तांतांत तपशील जुळत नाहीत: स्त्रिया किती होत्या, देवदूत किती, दर्शन गालीलात की यरुशलेमेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बनवलेली कथा सहसा अधिक सारखी असते, आणि ज्या समाजात स्त्रीची साक्ष हलकी मानत, तिथे पहिल्या साक्षीदार म्हणून कोणी स्त्रिया उभ्या केल्या नसत्या. ख्रिस्ती धर्माचा दुसऱ्या शतकातला टीकाकार सेल्सस याने नेमक्या याच गोष्टीवरून थट्टा केली. पौलाने साक्षीदारांची यादी दिली तेव्हा त्यांतले बहुतेक जिवंत होते, असे तो नोंदवतो. इतिहास इथवर नेतो. पुढचे पाऊल श्रद्धेचे आहे, आणि ते पुराव्याने सिद्ध झाले असे कोणी सांगू नये.

राहिला मार्क्सचा आरोप: परलोकाची आशा गरिबाला आज गप्प बसवते. सुटका फक्त आत्म्याची असेल, तर हा आरोप मी मान्य करीन. अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीकडे जाते. कारखान्यांच्या आणि कपडे रंगवण्याच्या व्यवसायाच्या सांडपाण्याने तिचा नाला झाला. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना रुग्णालय गाठावे लागले. उल्हास आणि वालधुनीचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आत्मा सोडवून न्यायचा असेल, तर नदीचे काय झाले याला महत्त्व नाही. पण रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो ते वेगळे आहे: सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे आणि देवाच्या लेकरांच्या महिम्याबरोबर तिचीही सुटका व्हायची आहे. हे खरे मानणाऱ्याने वालधुनीत विष सोडणे म्हणजे देवाला जे परत हवे आहे त्याचाच नाश करणे होय. दर रविवारी देहाच्या उठण्याची कबुली देणाऱ्या इथल्या मंडळ्यांनी हा प्रश्न भक्तीचाच भाग मानायला हवा, असे मला कळकळीने वाटते. पंडिता रमाबाईंनी तसे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात आणि १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली उचलून केडगावला आणल्या, त्यांना अन्न, औषध, शाळा, हातमाग, छापखाना दिला. त्याच आवारात त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणत होत्या. जुलै १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. देह तुच्छ मानणारी बाई हजारो देहांची अशी चिंता करीत बसली नसती.

देहाने उठण्याचा हा महिमा फक्त विश्वासणाऱ्यांचाच का, हा शेवटचा प्रश्न आजूबाजूला सिंधी, आगरी, दलित, मुस्लिम शेजारी असताना टाळता येत नाही. पौल ख्रिस्ताला पीक निघताना देवाला वाहायच्या प्रथमफळाची उपमा देतो, आणि प्रथमफळ वाहतात ते पुढे येणाऱ्या सगळ्या पिकाच्या वतीने. विश्वासणारे पहिले असतील, एकटे असतील असे त्यातून निघत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट केले की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. त्याच्या बरीच वर्षे आधी, १९१७ मध्ये, टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. अनेक मिशनऱ्यांना ते रुचले नाही. शेवटच्या दिवशी कोण उठेल आणि कोण महिमा पावेल याची यादी माणसाच्या हाती नाही, ही गोष्ट टिळकांनी या मिशनऱ्यांच्या आधी ओळखली होती.