उपचारांच्या काळातील शाळा
अकोले तालुक्यातील अनेक आदिवासी मुले राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या आश्रमशाळांत, म्हणजे निवासी शाळांत, राहूनच शिकत असल्याने त्यांतील कोणाला दीर्घ मानसिक उपचारांसाठी दाखल व्हावे लागले, तर वसतिगृह आणि वर्ग एकदमच सुटतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मात्र रुग्णांना ठेवून घेणाऱ्या उपचारसंस्थेत शिक्षणाची सोय हा रुग्णाचा हक्क मानतो, आणि मोलाचे म्हणजे, अठरा वर्षांखालील मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवण्यास सांगतो. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला प्राथमिक शिक्षण अर्धवट सुटले असल्यास शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढणारे विशेष प्रशिक्षण मिळते. दहावीपाशी शाळा सुटलेल्याला राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते, मात्र त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो.