लॅटिन 'प्रभाव' आणि स्वप्निल पॉप : एलादो नेग्रोच्या गीतांविषयी

दोन संगीतपरंपरा एकत्र आलेल्या दिसल्या की एकीला मूळ आणि दुसरीला 'प्रभाव' म्हणावयाची आपणा अभ्यासकांची सवय आहे. ही संज्ञा सोयीची खरी. परंतु तिच्यात एक गृहीत दडलेले असते. ज्याचा प्रभाव पडतो ते बाहेरचे आणि ज्यावर पडतो ते घरचे, असा निवाडा ती विवेचनास आरंभ होण्यापूर्वीच देऊन टाकते. तो कितपत टिकतो, हे एलादो नेग्रो या नावाने गाणाऱ्या रोबेर्तो कार्लोस लांगे यांच्या गीतांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

लांगे यांचा जन्म १९८० साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात झाला. आईवडील एक्वादोरहून आलेले. स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ते गीते रचतात व स्वतः गातात. त्यांचा पहिला संग्रह २००९ साली एका लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रण-संस्थेने काढला. त्यांच्या संगीताचे ढोबळ वर्णन 'लॅटिन वळणाचे स्वप्निल पॉप' असे करता येईल.

'स्वप्निल पॉप' ही शैली १९८० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये आकारास आली. कॉक्टो ट्विन्स हा वाद्यवृंद आणि लंडनची फोर-एडी ही संस्था ही तिची प्रमुख नावे होत. लांगे यांचा 'फार इन' (२०२१) याच संस्थेने प्रसिद्ध केला. अनुरणन आणि प्रतिध्वनी यांचे थर आवाजावर चढविणे हे या शैलीचे मुख्य तंत्र. त्यामुळे व्यंजनांच्या कडा बोथट होतात, स्वर रेंगाळतात आणि शब्दार्थाआधी आवाजाचा पोत कानी पडतो. द्विभाषिक गायकाच्या हाती या तंत्राला वेगळेच कार्य लाभते. 'धिस इज हाउ यू स्माइल' (२०१९) या संग्रहातील 'पाइस नुब्लादो' या गीतात स्पॅनिश व इंग्रजी शेजारी शेजारी येतात. तरी भाषा पालटल्याचा धक्का बसत नाही. स्थलांतरितांच्या घरातील बोलणेही असेच चालते. तेथे कोणतीच भाषा पाहुणी नसते. या संग्रहाचे नाव जमेका किंकेड यांच्या १९७८ सालच्या 'गर्ल' या कथेवरून घेतलेले असून ती कथा म्हणजे आईने मुलीला केलेला उपदेश आहे, ही गोष्टही येथे सूचक ठरते.

हळुवारपणा म्हणजे माघार नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. 'प्रायव्हेट एनर्जी' (२०१६) मधील 'यंग, लॅटिन अँड प्राउड' आणि 'इट्स माय ब्राउन स्किन' या गीतांत वर्ण व वंश यांचा अभिमान व्यक्त होतो. मात्र त्याचा सूर घोषणेचा नसून स्वतःशी केलेल्या संवादाचा आहे.

सर्वांत निर्णायक पुरावा 'फेझर' (२०२४) या संग्रहात सापडतो. त्यातील पहिल्या गीताच्या नावातील 'एलएफओ' ही आद्याक्षरे एरवी मंदगती दोलकाची, म्हणजे विद्युत्-वाद्यातील स्वराला हेलकावे देणाऱ्या घटकाची. लांगे यांनी त्यांचा विस्तार 'लुपेला ओलिवेरोस सापडते' अशा आशयाचा केला आहे. लुपे लोपेझ या १९५० नंतरच्या दशकात फेंडर कारखान्यात ध्वनिवर्धकांची जोडणी करणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या कामगार. पॉलिन ओलिवेरोस या 'सखोल श्रवणा'चा पुरस्कार करणाऱ्या अमेरिकन संगीतकार. ज्या ध्वनिवर्धकांतून अमेरिकन लोकप्रिय संगीताचा नाद घडला, त्यांच्या तारा जोडणाऱ्या हातांतच लॅटिन हातही होते, हे या स्पॅनिश गीतातून सुचविले जाते.

असे असता 'प्रभाव' कोणाचा आणि कोणावर? जे यंत्राच्या अंतर्भागात प्रथमपासून आहे, त्याला बाहेरून आलेले म्हणणे हा वर्गीकरणाचा दोष होय. संज्ञा टाकून द्यावी असे नाही. तथापि ती योजण्यापूर्वी घर कोणाचे, हा प्रश्न अभ्यासकाने स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.