आईकडून मिळालेली इस्टेट

गेल्या ऑक्टोबरमध्ये मला डेंग्यू झाला. आठवडाभर ताप, हाडं मोडल्यासारखी ठणकणारी, आणि रोज प्लेटलेट्सचा आकडा सेन्सेक्ससारखा बघायचा! पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आला. आमच्या फ्लॅटवर आम्ही दोघी मैत्रिणी दर रविवारी इमानदारीत ‘कोरडा दिवस’ पाळायचो. बादल्या रिकाम्या, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या. मग घरात डास आलेच कुठून?

अंथरुणात पडल्या पडल्या वाचायला लागले आणि डोकंच चक्रावलं.

आपला नेहमीचा समज असा, की डास जन्मतो तेव्हा त्याची पाटी कोरी असते. डेंग्यूच्या पेशंटला चावला की विषाणू त्याच्या पोटात जातो, आठ-दहा दिवसांत वाढून लाळेत उतरतो आणि पुढच्या चाव्यात दुसऱ्याला मिळतो. हे खरंच आहे. साथ पसरते ती मुख्यतः अशीच. पण एडिस इजिप्ती या डासाच्या मादीकडे आणखी एक चोरवाट आहे. ती रक्त पिते तेच मुळी अंड्यांसाठी. विषाणू तिच्या अंडाशयापर्यंत पोचला, तर काही अंड्यांतही शिरतो. अशा अंड्यातून आलेली लेक कुणालाही न चावता व्हायरस घेऊनच जन्मते. थोडक्यात, आईकडून मिळालेली इस्टेट!

हे कळलं कसं? त्याचा फंडा मस्त आहे. नर डास रक्त पीतच नाही. त्यामुळे नरात किंवा पाण्यातल्या अळीत विषाणू सापडला, तर तो आईकडूनच आलेला असणार. २००२ साली जोधपूर आणि आपल्या पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी तिसरा प्रकार प्रयोगशाळेतल्या एडिसमध्ये एकामागून एक पिढ्या टिकून राहतो.

आता शहरातली गंमत बघा. ही मादी अंडी पाण्यात नाही, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवते. बादली, कूलर, टेरेसवरची टाकी, ऑफिसमधल्या मनीप्लांटची बाटली, तिला सगळं चालतं. पाणी आटलं तरी अंडी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी आलं की अळ्या, आणि साधारण आठ-दहा दिवसांत उडणारे डास. म्हणजे साथ ओसरल्यावर, सगळे पेशंट बरे झाल्यावरही, पुढच्या पावसाची वाट बघत विषाणू तिथेच चिकटून बसलेला असू शकतो.

टेन्शन घेऊ नका. आईकडून विषाणू मिळालेली पिल्लं फार थोडी असतात. माझा डास त्यातलाच होता की शेजारच्या बिल्डिंगमधून आला होता, कोण सांगणार? पण आमची चूक मात्र कळली. आम्ही पाणी ओतायचो, भांडी घासायचो नाही. त्यात गणपतीला दोघी दहा दिवस आपापल्या घरी गेलो आणि एक रविवार हुकला. जाताना कुंड्यांना पाणी घालून गेलो होतो. ताटल्या भरलेल्या!

बरी झाल्यावर हे सगळं ज्ञान मी कामाच्या मावशींना ऐकवलं. त्या हसल्या. ‘‘ताई, नुसतं पाणी ओतून काय होतंय? कड बुळबुळीत लागते ना, ती घासाया पायजे.’’

तेव्हापासून आमचा रविवार बदललाय. पाणी फेकायचं, मग काथ्या घेऊन कडा खसाखसा घासायच्या आणि ते पाणीही जमिनीवर ओतायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि हो, एडिस दिवसा चावतो. तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात, की डेस्कवरच्या त्या मनीप्लांटच्या बाटलीकडेही एकदा बघा. शेवटची कधी घासली होती?