दुसरा रिमोट

'काँट्रा' खेळलेल्या कुठल्याही भावंडांपुढे धबधब्याच्या लेव्हलचा विषय काढून बघा, जुनं भांडण लगेच उकरून निघतं. तिसऱ्या लेव्हलला पडदा वर वर सरकतो आणि जो खाली राहील तो पडद्याच्या कडेशी मरतो. दादा भराभर उड्या मारत वर गेला की धाकटीचा जीव गेलाच. चूक तिची काहीच नसते. दोघांना टिकायचं असेल तर दादाला थांबावं लागतं. थांबायला शिकवणारे खेळ घरात तसे कमीच असतात.

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत आलेला व्हिडिओ गेम बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल असायचा. टीव्ही एक, रिमोट दोन. अ‍ॅडाप्टर जळला की बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी फेरी. कॅसेट चालेना की फुंकायची! खरं तर फुंकरीने काही होत नसे. काढून परत बसवल्याने आतली टोकं नीट टेकायची, एवढंच. 'मारिओ'त दुसऱ्या रिमोटवाल्याला लुईजी मिळे आणि त्याची पाळी दादाचा मारिओ मेल्यावरच येई. दादा लवकर मरावा अशी प्रार्थना शेजारी बसून चालू असे, आणि दादाला ती ठाऊक असे. बदकं मारायच्या खेळात तर एकच बदक उडत असताना दुसऱ्या रिमोटने ते बदकच हलवता यायचं. ही गंमत पुस्तिकेतून क्वचितच कळे. कोणाचा तरी मावसभाऊ सुट्टीत येऊन सांगे. 'काँट्रा'तले तीनाचे तीस जीव करणारी बटणांची ओळ, वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए, अशीच वाड्यावाड्यांतून आणि वर्गांतून पसरली.

पुढच्या दशकात खेळ सायबर कॅफेत गेला आणि भावंडांत मित्र मिसळले. एका जाळ्याला जोडलेले कॉम्प्युटर आणि त्यांवर 'काउंटर स्ट्राइक'. "मागून आला, मागून!" ही हाक शेजारच्या रांगेतल्या शत्रूलाही ऐकू जायची. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या १९९९ साली आलेल्या दुसऱ्या भागात आपल्या माणसाला लाकूड किंवा सोनं पाठवता येतं, पण आधी बाजार बांधावा लागतो आणि सुरुवातीला वर ३० टक्के भुर्दंड बसतो. तो सोसूनही लाकूड पाठवणारा मित्र घरचाच होऊन जाई. इथे एक गोष्ट मात्र हरवली. ताई. घरच्या टीव्हीपुढे दुसरा रिमोट हक्काने धरणाऱ्या मुली कॅफेत फारशा दिसत नसत. संध्याकाळी सातनंतर तिथे बसायची परवानगी भावाला मिळे, तिला नाही. या खेळांना 'मुलांचे' म्हणायची सवय आपल्याला तिथूनच लागली असावी.

फोन आले तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र पडदा मिळाला. दुसऱ्या रिमोटची गरज संपली, तेव्हा हे सगळं मोडायला हवं होतं. पण २०१८ मध्ये मोबाइलवर आलेल्या 'पब्जी'ची रचनाच चौघांच्या स्क्वॉडची. कानात हेडफोन, पडलेल्या जोडीदाराला उठवायला दुसऱ्याने धावायचं. ताईही परत आली, कारण आता बाहेर कुठे जायचं नव्हतं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने 'पब्जी'वर बंदी घातली. २०२१ च्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार 'बीजीएमआय' आला, वर्षभराने तोही अ‍ॅपच्या दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. दर वेळी गटच्या गट दुसऱ्या खेळात बिऱ्हाड हलवून मोकळे. मधल्या काळात पुण्यातच खेळ बनू लागले: इथल्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला.

पैसे लावून खेळायच्या रमीशी या सगळ्याची गल्लत नको. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानेही पैशांचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढले आहेत. रात्रीच्या जागरणाबद्दल आईबाबा ओरडतात ते मात्र रास्तच.

आता भाऊ कॅलिफोर्नियात, बहीण कोथरूडला. उन्हाळ्यात तिथे शनिवारी रात्री साडेआठ वाजतात तेव्हा इथे रविवारचे नऊ. फोन केला तर "जेवलास का" याच्या पुढे गाडी सरकत नाही. खेळता खेळता नोकरी, घरभाडं, बाबांची शुगर सगळं निघतं. अडचण एकच, जागा चार. त्यामुळे नव्या जावयाला पहिल्याच रविवारी आत घ्यायचं की आधी त्याचा नेम बघायचा, यावर शनिवारी व्हॉट्सॅपवर बराच खल होतो.