होम थिएटर एक, रिमोट चार!

टीव्ही, साउंडबार, सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक... प्रत्येकाचा रिमोट वेगळा. युनिव्हर्सल रिमोट घेण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी सुरू करून पाहावं. सॅमसंग त्याला ‘एनीनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिम्पलिंक’. बऱ्याचदा टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो आणि खर्च वाचतो.

तरीही रिमोट हवाच? मग ब्लूटूथ आहे का, ते आधी तपासावं. स्वस्त रिमोट बहुधा फक्त इन्फ्रारेडवर चालतात. फायर स्टिक त्यांना दाद देत नाही.

लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटचं एकच बटण दाबलं की सगळी उपकरणं क्रमाने सुरू होत. २०२१ मध्ये कंपनीने त्यांचं उत्पादन थांबवलं. सोफाबॅटनचे काही रिमोट आता तेच काम करतात.

घरात आजी-आजोबा असतील, तर टचस्क्रीनच्या नादी न लागता अंधारातही बोटांना कळतील अशा उठावदार बटणांचा रिमोट घ्यावा.